इंदूरमध्ये शिक्रा बघायचाय? मग आधी आकाशाकडे बघणं सोडा

शिकारी पक्षी म्हटलं की आपली मान आपोआप वर जाते, कारण घारींनी तशी सवय लावून ठेवलीये, कुठल्याही मंडईवर बघा, घारी गोल गोल फिरतच असतात. शिक्रा असा सापडत नाही. तो झाडात असतो, तेही शेंड्यावर क्वचितच, बहुतेक वेळा आतल्या जाड फांदीवर खोडाला खेटून, आणि एकदा बसला की बराच वेळ हलत नाही. रेसिडेन्सी एरियात सकाळी फिरायला येणारे कितीतरी लोक त्याच्या बरोबर खालून जातात आणि कोणाला पत्ता नसतो. म्हणून इथे जी पद्धत सांगतेय ती डोळ्यांची कमी आणि कानांची जास्त आहे. खारी, सातभाई, बुलबुल, कोतवाल हे लोक शिक्रा कुठे बसलाय ते दिवसभर ओरडून सांगत असतात, आपण फक्त ऐकायला शिकायचं.

पण आधी ओळख पटायला हवी, नाहीतर दिसला तरी "बाज होता काहीतरी" म्हणून पुढे जाल.

दिसतो कसा

आकार कबुतरापेक्षा थोडा लहान, लांबी साधारण २६ ते ३० सेंटीमीटर, त्यात शेपूट चांगली लांब. मादी नरापेक्षा ठळक मोठी असते, दोघं शेजारी बसले तर लगेच कळतं. नराची पाठ निळसर राखाडी, छाती-पोट पांढरं आणि त्यावर विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा, इतक्या बारीक की लांबून नुसता गुलाबी-तांबूस रंग फासल्यासारखा वाटतो. नराचे डोळे लालभडक. मादीचे डोळे पिवळे ते नारिंगी, पाठ जरा तपकिरी झाक असलेली. पाय पिवळे, दणकट, आणि गळ्यावर मधोमध एक बारीक उभी रेघ, ही रेघ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पोरगेला पक्षी वेगळाच दिसतो आणि खरा घोटाळा तोच करतो. पाठ तपकिरी, छातीवर आडव्या रेघा नाहीत तर तपकिरी थेंब-थेंब उभे, डोळे पिवळसर. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात अशी पिल्लं सोसायटीच्या झाडांवरसुद्धा बसलेली असतात, अडाण्यासारखी उघड्यावर, आणि सारखी ओरडत. फोटो टाकून "हा कोणता पक्षी" म्हणून जे विचारतात त्यातले बरेच फोटो या पिल्लांचेच असतात.

उडताना बघायचं तर दोन गोष्टी. पंख आखूड आणि गोलसर, शेपूट लांब. उडण्याची चाल ठरलेली, चार-पाच वेळा भराभर पंख मारायचे, मग थोडं तरंगायचं, परत पंख मारायचे. नर खालून बघितला तर पंख जवळजवळ पांढरे आणि फक्त टोकं काळपट. या आखूड पंखांमुळे आणि लांब शेपटीमुळेच त्याला फांद्यांच्या गर्दीतून वळणं घेत पळता येतं, उघड्या आभाळातल्या पाठलागासाठी हे शरीर बनलेलंच नाही.

मर्लिन किंवा ई-बर्ड ही पक्षी ओळखायची-नोंदवायची ॲप्स वापरत असाल तर एक सांगून ठेवते, २०२४ च्या अपडेटमध्ये याचं शास्त्रीय नाव ॲक्सिपिटर बॅडियस वरून टॅकिस्पिझा बॅडिया झालंय. जुन्या पुस्तकात वेगळं आणि ॲपमध्ये वेगळं दिसलं तर गोंधळू नका, पक्षी तोच.

कोणाशी गल्लत होते

सगळ्यात मोठा बहुरूपी म्हणजे पावशा. तोच तो, पावसाच्या आधी "पेरते व्हा, पेरते व्हा" करून डोकं उठवणारा, आपल्याकडचे हिंदीवाले त्याला पपीहा म्हणतात. राखाडी पाठ, तांबूस छाती, पट्ट्यांची शेपूट, उडण्याची ढबसुद्धा शिक्र्याची, फांदीजवळ आला की खालून झपकन वर येऊन बसतो तेही तसंच. छोटे पक्षी त्याला बघून घाबरतात, आणि पावशाला त्याचा फायदाच आहे कारण तो आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकतो. ओरडत असेल तेव्हा प्रश्नच नाही, पण हिवाळ्यात तो गप्प असतो तेव्हा चोच बघा. पावशाची चोच जवळजवळ सरळ, टोकाला किंचित वळलेली, शिक्र्याची एकदम आकड्यासारखी. दुसरं म्हणजे पाय, पावशाचे पाय दिसत पण नाहीत धड, शिक्र्याचे पिवळे लांब पाय आणि नखं लगेच नजरेत भरतात. आणि पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं.

हिवाळ्यात आणखी एक पाहुणा येतो, युरेशियन स्पॅरोहॉक. शिक्र्याचा चुलतभाऊच. त्याचे पाय काटकुळे, डोळ्यावर फिकट भुवई, आणि गळ्यावर ती मधली उभी रेघ नसते. बेसरा म्हणून तिसरा एक आहे, दाट जंगलाचा, त्याची गळ्याची रेघ उलट चांगली जाड आणि काळी, छातीवरचा रंग पण गडद. शहरात बेसरा दिसल्याचं कोणी सांगितलं तर आधी फोटो मागा.

बाकी तीसा म्हणून एक शिकारी पक्षी असतो त्याचे डोळे पांढरे आणि गळ्यावर मधल्या रेघेबरोबर बाजूलाही काळ्या रेघा. कापशी घारीचे डोळे लाल असतात म्हणून काही लोक फसतात, पण ती पांढरीशुभ्र, खांद्यावर काळा डाग, विजेच्या तारेवर उघड बसते आणि शेतावर एका जागी पंख फडफडवत थांबते. शिक्रा असं हवेत थांबत नाही.

कुठे जायचं

घनदाट जंगल लागतं असं काही नाही. शिक्र्याला हवीत मोठी झाडं, मध्ये मध्ये मोकळी जागा, आणि भरपूर सरडे-खारी. म्हणजे आपल्या जुन्या इंदूरचं वर्णनच झालं. रेसिडेन्सी, लालबागचं आवार, कृषी महाविद्यालयाची जमीन, खंडवा रोडवरचा युनिव्हर्सिटी कॅम्पस, या सगळ्या ठिकाणी चिंच, आंबा, कडुनिंब, शिरीष अशी म्हातारी झाडं आहेत आणि खाली गवत किंवा शेत. पिपल्यापाला पार्कात पण प्रयत्न करू शकता, फक्त रविवारी संध्याकाळी जाऊ नका, तिथे मग पक्ष्यांपेक्षा सेल्फीवाले जास्त.

सिरपूर तलावावर लोक हिवाळ्यात बदकं बघायला जातात, सगळ्यांच्या दुर्बिणी पाण्याकडे, आणि शिक्रा मागे बांधावरच्या बाभळीत बसलेला असतो, बेडूक आणि चतुरांवर नजर ठेवून. तर सिरपूरला गेलात की अर्धा वेळ पाण्याकडे पाठ करून उभे राहा, लोक हसतील, हसू द्या.

खरं जंगल हवं असेल तर रालामंडल अभयारण्य. टेकडीवर होळकरांची शिकारगाह आहे, खालचा उतार सागाचा. इथे मोसम बघून जायचं. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही महिने सागाची पानं पत्रावळीएवढी, त्यात आत बसलेलं काही दिसणं अवघड. फेब्रुवारी-मार्चपासून पान गळायला लागलं की रान उघडं पडतं, आणि नेमका तोच काळ शिक्र्याच्या जोडीच्या आरडाओरड्याचा, दोन्ही गोष्टी एकदम जुळून येतात. चोरल, पातालपानी, महूच्या बाजूची रानं पण चांगली आहेत, फक्त तिथे दाट झाडी असल्याने नवशिक्यांनी आधी शहरात हात बसवावा असं माझं मत. शहरातल्या शिक्र्याला माणसांची सवय असते, तो बसून राहतो, जंगलातला तुम्ही यायच्या आधीच उठून गेलेला असतो.

वेळ म्हणाल तर हिवाळ्यात सकाळी ७ ते ९. रात्रभर गारठलेला असतो, ऊन पडलं की एखाद्या वठलेल्या फांदीवर उघड्यावर येऊन बसतो, छाती फुगवून, एक पाय पोटात घेऊन. तेवढाच वेळ तो स्वतःहून दिसायला तयार असतो असं समजा. उन्हाळ्यात मात्र उजाडता-उजाडता जायला लागतं, दहानंतर तो पण सावलीत आणि आपण पण.

आता मुख्य काम, ऐकणं

पहिले पाच-दहा मिनिटं कुठेही न फिरता एका जागी बसा. मोबाईल सायलेंट. आधी तिथला नॉर्मल आवाज कानात बसू दे, बुलबुल बोलतायत, खारी मध्येच चिरचिरतायत, शिंपी पक्षी एकसारखा ओरडतोय, सातभाई पाचोळा उलटवत आपसात भांडतायत. हे सगळं चालू आहे म्हणजे शिक्रा आसपास नाही, किंवा आहे पण कोणी बघितलेला नाही.

मग दोन प्रकारचे बदल होतात आणि त्यांचा अर्थ वेगवेगळा आहे, हे नीट समजून घ्या.

पहिला बदल, सगळं एकदम बंद. कोणीतरी एक बारीक तीक्ष्ण आवाज काढतो आणि पुढच्या क्षणी झाडावरचे सगळे पक्षी पानांच्या आत घुसलेले, चूप. कर्फ्यू. याचा अर्थ शिक्रा उडतोय, आत्ता, याच क्षणी, आणि खालून येतोय. यावेळी वर बघून उपयोग नाही, माणसाच्या उंचीपासून दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या पट्ट्यात बघा, झाडांच्या मधल्या फटीतून एक राखाडी रेघ जाईल, बस तेवढंच. त्या घाईत छोटा खंड्या पाण्यात बुडी मारून वाचल्याची नोंद पण आहे.

दुसरा बदल उलटा, आरडाओरडा वाढतो. खार खोडाला उलटी चिकटून, शेपटी झटकत, चिक-चिक-चिक एकाच लयीत लावून धरते, थांबतच नाही. सातभाई पाचोळा सोडून एका झाडावर गोळा होतात आणि सगळे मिळून कलकलाट करतात. कोतवाल वरून सूर मारून मारून परत जातो. टकाचोर (कावळ्याच्या कुळातला लांब शेपटीचा पक्षी) असला तर तो पण सामील. याचा अर्थ शिक्रा बसलाय, सगळ्यांनी बघितलाय, आणि आता त्याला हाकलायचं चाललंय. आपल्यासाठी हीच संधी. खार कुठे बघतेय ते बघा, सातभाईंची तोंडं कुठे आहेत ते बघा, त्या दिशेला दुर्बीण लावा आणि खोडाजवळची प्रत्येक जाड फांदी खालून वर तपासा. पानं बघू नका, पानांच्या मागे उभी असलेली, फांदीपेक्षा जरा जास्त नीटनेटकी वाटणारी आकृती शोधा. दुर्बीण ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची) असली तर उत्तम, झाडाच्या सावलीत जास्त पॉवरपेक्षा जास्त उजेड लागतो.

एक अडचण आहे, हा सगळा गोंधळ मांजरासाठी, सापासाठी किंवा पिंगळ्यासाठी, म्हणजे छोट्या घुबडासाठी, पण होतो. खारी-सातभाई जमिनीकडे तोंड करून ओरडत असतील तर मांजर किंवा साप, झाडाच्या ढोलीपाशी गर्दी असेल तर पिंगळा. थोड्या सरावाने फरक कळायला लागतो.

शिक्र्याचा स्वतःचा आवाज दोन सुरांचा, टी-टुई, टी-टुई, तीक्ष्ण आणि थोडा चिडलेला, पहिला सूर वर आणि दुसरा त्याला ओढून खाली. भांडणात किंवा घरट्याजवळ किक्-की किक्-की असा भराभर. मर्लिनमध्ये आधी ऐकून ठेवा. आणि आवाज आला म्हणून लगेच शिक्रा लिहून टाकू नका, आधी जवळ कोतवाल बसलाय का बघा. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, साळुंक्या घाबरून उडतात आणि मग त्यांनी शोधलेला किडा हा आरामात उचलतो. पोलिसाचं नाव घेऊन वसुली करणारा, पण काय डोकं आहे.

शिकार बघायची असेल तर

सापडला की जवळ जाऊ नका. हे वाक्य परत वाचा. वीस-पंचवीस पावलं लांब, एखाद्या झाडाला टेकून बसा, कारण शिक्र्याचं अर्धं काम हे बसून राहणंच आहे. तो मान फिरवतो, खाली बघतो, परत फिरवतो. एखाद्या वेळी डोकं वर-खाली किंवा बाजूला हलवायला लागला, शरीर आडवं केलं, पंख अंगापासून किंचित सुटे झाले, की समजा त्याला काहीतरी दिसलंय. तिथून पुढे सगळं दोन-तीन सेकंदात संपतं. झाडावरून खाली झेप, जमिनीलगत किंवा झुडपाआडून सरळ धाव, आणि पंजे पुढे. चुकलं तर लांब पाठलाग करत बसत नाही, वळून दुसऱ्या फांदीवर जाऊन बसतो, जणू काही झालंच नाही. आणि चुकतो बरेचदा, त्यामुळे पहिल्याच दिवशी शिकार बघायला मिळेल अशी आशा धरू नका.

लोकांना वाटतं हा रोज पक्षीच मारतो. आपल्याकडे त्याचं रोजचं जेवण म्हणजे सरडे आणि पाली, त्याखालोखाल उंदीर, खारीची पिल्लं, बेडूक, नाकतोडे, चतुर, आणि मग चिमणी, शिंपी, सातभाई, कधी होला. पावसाळ्यात किडे इतके असतात की तो जमिनीवर उतरून चालत टोळ पकडतानाही दिसतो. संध्याकाळी छोट्या वटवाघळांच्या मागे लागल्याच्याही नोंदी आहेत.

मारण्याची पद्धत ससाण्यासारखी नाही. ससाण्याच्या चोचीला कडेला एक दातासारखं टोक असतं, त्याने तो मान मोडतो. शिक्रा पंज्यांनी आवळून मारतो, नखं परत परत रुतवत. मग भक्ष्य घेऊन फांदीवर जातो, पक्षी असेल तर आधी पिसं उपटतो, आणि ही पिसं आपल्याला कामाची. एखाद्या झाडाखाली मऊ पिसांचा छोटा ढीग वारंवार दिसत असेल तर वर त्याची जेवायची फांदी आहे, तिथे दुसऱ्या दिवशी लवकर येऊन बसा. मांजराने खाल्लेलं असेल तर पिसं चावून तुटलेली असतात, याची अख्खी, मुळापासून ओढलेली.

घरटं दिसलं तर

मार्च ते जून हा मोसम. जोडी वर घिरट्या घालते, तेवढ्या दिवसांत मात्र आकाशात बघितलं तर चालेल. घरटं कावळ्यासारखंच काटक्यांचं, उंच झाडाच्या दुबेळक्यात, आंबा, कडुनिंब, निलगिरी, काहीही. काटक्या चोचीने आणतात तशा पंज्यात धरूनही आणतात. अंडी साधारण ३-४, कधी जास्तही, फिकट निळसर राखाडी. मादी बसते, नर शिकार आणून देतो, आणि देताना दोघं जी बोंबाबोंब करतात त्यानेच घरट्याचा पत्ता सगळ्या कॉलनीला कळतो, कावळ्यांना पण.

इथे कॅमेरावाल्यांसाठी हात जोडून दोन शब्द. घरट्यासमोर फांद्या तोडून "क्लीन फ्रेम" करू नका, त्या फांद्याच सावली देतात आणि कावळ्यांपासून लपवतात. मे महिन्यात आपल्या माळव्याचं ऊन ४० च्या पुढे असतं, तुमच्या भीतीने मादी अर्धा तास उठून राहिली तर उघडी पिल्लं तेवढ्यात मरू शकतात. स्पीकरवर आवाज वाजवून बोलवायचा उद्योग पण नको, तो आपला सगळा दिवस नसलेल्या शत्रूला शोधण्यात घालवतो. घरट्याचं लोकेशन ग्रुपवर टाकू नका, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला पकडणं, पाळणं, अंडी-पिल्लं उचलणं सगळं गुन्हा आहे. पूर्वी शिक्रा शिकवून त्याच्याकडून तितर-बटेर धरायचा शौक उत्तर भारतात भरपूर होता, आज कोणी "शिकवलेला आहे" म्हणून विकायला आला तर तो सरळ वनविभागाचा विषय.

घरी काही प्रॉब्लेम झाला तर

बाल्कनीत पोपटाचा किंवा लव्हबर्डचा पिंजरा टांगलेला असेल तर शिक्रा त्यावर झेप घालू शकतो. चूक त्याची नाही, तडफडणारा पक्षी दिसला की तो येणारच. पिंजरा आत घ्या किंवा वरून आणि मागून झाका. दाणे-पाणी ठेवत असाल तर ते दाट झुडपाच्या जवळ ठेवा म्हणजे चिमण्यांना लपायला जागा राहील. उंदरांसाठी विषाच्या गोळ्या टाकू नका, मेलेला-अर्धमेला उंदीर तोच उचलतो आणि विष त्याच्या पोटात जातं, पिंजरा लावा.

काचेला धडकून पडलेला किंवा संक्रांतीला मांज्यात अडकलेला सापडला तर जाड टॉवेल टाकून पंखांसकट उचला. सांभाळायचं ते नखांना, चोचीपेक्षा ती जास्त लागतात. मांजा अंगातून ओढून काढू नका, दोन्ही बाजूंनी कापून तसाच राहू द्या. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, आत जुनं कापड, झाकण बंद, अंधार, शांतता. चोच उघडून पाणी ओतायचं नाही, दूध तर अजिबात नाही, मुलांना दाखवायला परत परत झाकण उघडायचं नाही. नुसता धक्का बसलेला असेल तर तास-दोन तासात खोक्यात धडपडायला लागेल, तेव्हा खोकं बाहेर झाडाजवळ नेऊन झाकण उघडा आणि मागे सरका, हवेत फेकू नका. रक्त असेल, पंख लोंबत असेल किंवा दोन तासांनीही मान टाकून बसला असेल तर वाट न बघता वनविभागाला किंवा पक्ष्यांवर इलाज करणाऱ्या डॉक्टरला फोन करा, आणि तो नेमका कुठे पडला होता ते लिहून ठेवा, बरा झाल्यावर त्याला त्याच भागात सोडावं लागतं.